खसखशीएवढा मेंदू, पण नजर शिकाऱ्याची!

घराच्या भिंतीवर टुणटुण उड्या मारणारा इवलासा कोळी आठ डोळ्यांनी जग पाहतो. त्या आठ डोळ्यांतून आलेली माहिती त्याचा चिमुकला मेंदू कशी हाताळतो, याचे कोडे आता हळूहळू उलगडू लागले आहे.

दुपारची वेळ. खिडकीच्या चौकटीवर एक माशी पाय चोळत बसली आहे. तिच्यामागे वीतभर अंतरावर एक छोटासा करडा कोळी भिंतीला चिकटून आहे. माशी किंचित हलते आणि कोळी झटकन तिच्याकडे वळतो. मग मांजरासारखा दबकत, थांबत, पुन्हा दबकत तो पुढे सरकतो. अंतर दोन-तीन बोटांवर आले की क्षणभर स्थिर होतो आणि झेप घेतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच माशी त्याच्या जबड्यात सापडलेली असते.

हा प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी पाहिला असेल. पण त्या काही सेकंदांत कोळ्याच्या डोक्यात काय काय घडले, याचा विचार आपण सहसा करत नाही. काहीतरी हलले, हे त्याला कळले. ते खाद्य आहे की शत्रू, हे त्याने ओळखले. ते किती दूर आहे, हे मोजले आणि नेमकी तेवढीच उडी मारली. हे सारे ज्या मेंदूने केले, तो जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढा असतो!

एवढ्याशा मेंदूत इतके काम मावते कसे? या प्रश्नाने शास्त्रज्ञांना कित्येक दशके झपाटले आहे. त्यांना मिळालेले उत्तर मोठे मजेशीर आहे. हा कोळी सगळे एकदम पाहायला जातच नाही. पाहण्याचे काम तो डोळ्यांमध्ये वाटून देतो आणि बारकावे सावकाश, थोडे थोडे करून गोळा करतो.

जाळे न विणणारा कोळी

कोळी म्हटले की आपल्याला जाळे आठवते. पण उड्या मारणारे बहुतेक कोळी शिकारीसाठी जाळे विणत नाहीत. त्यांच्याकडेही रेशमासारखा धागा असतो, पण तो ते मुख्यतः इतर कामांसाठी वापरतात. उदाहरणार्थ, विश्रांतीसाठी छोटी पिशवी विणायला आणि उडी मारताना सुरक्षेची दोरी म्हणून. झेप घेण्यापूर्वी कोळी धाग्याचे टोक भिंतीला चिकटवतो. नेम चुकला तर तो खाली आपटत नाही, धाग्याला लोंबकळतो आणि पुन्हा वर चढतो.

शास्त्रज्ञ या कोळ्यांच्या कुळाला 'साल्टिसिडी' म्हणतात. जगभरात त्यांच्या ६,००० हून अधिक जाती माहीत आहेत. कोळ्यांमधले हे सर्वांत मोठे कूळ. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या अशाच एका जातीला २०२१ मध्ये 'इसियस तुकारामी' असे नाव देण्यात आले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात अजमल कसाबला पकडून ठेवताना प्राण गमावलेले पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ हे नाव ठेवले आहे. त्याआधी २०१९ मध्ये गुजरातेत सापडलेल्या एका जातीला सचिन तेंडुलकरचे नाव मिळाले होते. अचूक नजर आणि क्षणात हालचाल करण्याची तयारी पाहता, दोन्ही नावे शोभून दिसतात!

आठ डोळे, दोन खाती

या कोळ्याचा चेहरा जवळून पाहिला तर समोर दोन मोठे, काळेभोर, टपोरे डोळे दिसतात. हे त्याचे मुख्य डोळे. त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन लहान डोळे, आणि डोक्याच्या मागच्या भागात आणखी चार. त्या चारांपैकी दोन बहुतेक जातींत अगदीच बारीक असतात.

एखाद्या सोसायटीत पहारेकरी चारी बाजूंना नजर ठेवतो आणि कोणी आले की सचिवांना बोलावतो. मग सचिव चष्मा लावून पाहुण्याची नीट चौकशी करतात. कोळ्याच्या डोळ्यांत कामाची वाटणी साधारण अशीच आहे. बाजूचे आणि मागचे डोळे पहारेकरी. ते जागचे हलत नाहीत, पण सर्वांचे मिळून जवळजवळ चहूबाजूंचे दृश्य त्यांच्या कक्षेत येते. हालचाल टिपण्यात ते पटाईत असतात. काही हलले की कोळी अंग वळवून त्या दिशेला तोंड करतो. मग पुढचे काम मुख्य डोळ्यांचे. ती वस्तू नेमकी काय आहे, हे ते ठरवतात.

ही वाटणी मेंदूतही दिसते. मुख्य डोळ्यांकडून येणारी माहिती आणि बाकीच्या डोळ्यांकडून येणारी माहिती सुरुवातीला वेगवेगळ्या केंद्रांत पोहोचते. हालचालीचा हिशेब एकीकडे, बारकाव्यांचा दुसरीकडे. एकाच टेबलावर सगळ्या फायलींचा ढीग साचू नये, म्हणून केलेली ही जणू निसर्गाची व्यवस्थाच!

दाराच्या फटीतून पाहणारी दुर्बीण

मुख्य डोळ्यांची रचना तर थक्क करणारी आहे. आपला डोळा गोल चेंडूसारखा असतो. या कोळ्याचा मुख्य डोळा लांब नळीसारखा असतो. पुढे भिंग, मागे अगदी टोकाला दृष्टिपटल. शिवाय दृष्टिपटलासमोर एक खोलगट भाग असतो आणि तो दुसऱ्या भिंगाचे काम करून प्रतिमा मोठी करतो. म्हणजे दोन भिंगांची दुर्बीणच झाली. 'पोर्शिया' नावाच्या कोळ्याच्या डोळ्यातील ही करामत १९८० मध्ये प्रसिद्ध झाली.

या दुर्बिणीची ताकद किती? पोर्शियाची नजर ०.०४ अंशाइतके बारीक अंतर ओळखू शकते. अंगाने कितीतरी मोठ्या असलेल्या चतुराची नजर याहून सुमारे दहापट भोंगळ असते. माणसाची नजर पोर्शियापेक्षा साधारण सहापट तीक्ष्ण आहे. पण आपला एक डोळाच या कोळ्याच्या अख्ख्या शरीराहून मोठा असतो, हे लक्षात घेतले तर त्याचे कौतुकच वाटते.

मात्र या तीक्ष्ण नजरेची किंमत त्याला मोजावी लागते. दृष्टिपटल ही एक उभी, अरुंद पट्टी असते, त्यामुळे एका वेळी दृश्याचा फारच थोडा भाग स्पष्ट दिसतो. दाराच्या फटीतून खोलीत डोकावल्यासारखे. मग पूर्ण चित्र दिसणार कसे?

ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल लँड यांनी १९६९ मध्ये याचे उत्तर प्रसिद्ध केले. त्यांनी एका खास उपकरणाने जिवंत कोळ्याच्या भिंगातून थेट त्याच्या दृष्टिपटलाकडे पाहिले. तेव्हा त्यांना दिसले, की भिंग डोक्याला पक्के जोडलेले असले तरी आतली नळी मात्र हलते! प्रत्येक नळीला सहा स्नायू असतात. काही नवे दिसले की दोन्ही पट्ट्या त्यावरून इकडून तिकडे फिरतात आणि त्याच वेळी हळूहळू गोल वळतात. अंधाऱ्या खोलीत बारीक झोताची बॅटरी फिरवत आपण एकेक वस्तू ओळखावी, तसा हा प्रकार.

हे गोल वळणे कशासाठी? लँड यांचा कयास असा, की कोळी समोरच्या प्राण्याचे पाय शोधत असावा. वेगवेगळ्या कोनांत वळलेल्या रेषा दिसल्या, तर समोर आपलाच जातभाई आहे. नसल्या, तर ते बहुधा जेवण! त्याआधी १९५२ मध्ये एका जर्मन संशोधकाने कागदावरची चित्रे दाखवून नर कोळ्यांची परीक्षा घेतली होती. मधल्या ठिपक्याला पायांसारख्या रेषा काढल्या, की नर त्या चित्रासमोर प्रणयाचा नाच करू लागत.

अंतर मोजण्याची गंमत

उडी मारायची तर अंतर अचूक कळायला हवे. आपण दोन डोळ्यांनी दिसणाऱ्या किंचित वेगळ्या प्रतिमांवरून अंतराचा अंदाज घेतो. कोळ्याची युक्ती वेगळीच आहे आणि ती जपानमधील ओसाका येथील शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दाखवून दिली. त्यांनी निवडलेला कोळी होता 'हॅसेरियस अडान्सोनी'. उष्ण प्रदेशांत सर्वत्र आढळणारा हा कोळी आपल्या देशातल्या घरांतही दिसतो.

मुख्य डोळ्याच्या दृष्टिपटलात एकाखाली एक असे चार थर असतात. त्यांपैकी खालचे दोन हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देतात. पण सर्वांत खालच्या थरावर हिरव्या रंगाची प्रतिमा स्पष्ट पडते, तर त्याच्या वरच्या थरावर तीच पुसट पडते. वस्तू जितकी जवळ, तितका हा पुसटपणा जास्त. स्पष्ट आणि पुसट प्रतिमांची तुलना करून कोळ्याचा मेंदू अंतर काढतो.

हे सिद्ध करण्यासाठी केलेला प्रयोग अगदी साधा होता. हिरव्या प्रकाशात कोळ्यांनी माशीवर बिनचूक उड्या मारल्या. मग फक्त लाल प्रकाश ठेवला. लाल किरणे भिंगातून वेगळ्या प्रमाणात वळतात, त्यामुळे पुसटपणाचा हिशेब बिघडतो. लाल प्रकाशात कोळ्यांना माशी आहे त्यापेक्षा जवळ वाटली आणि त्यांच्या उड्या अलीकडेच पडल्या!

खसखशीच्या दाण्यात सुई

डोळ्यांचे गुपित असे उलगडत होते, पण मेंदूचे काय? मेंदूतील पेशींचे विद्युत्संदेश ऐकायचे तर आत बारीक तार घालावी लागते. या कोळ्यांच्या बाबतीत ते अशक्यप्राय मानले जाई. कारण कोळ्याचे शरीर फुग्यासारखे दाबाखाली असते. पाय लांबवण्यासाठी तो स्नायूंऐवजी शरीरातील द्रवाचा दाब वापरतो. मेलेला कोळी पाय आत मुडपून पडलेला दिसतो, तो हा दाब गेल्यामुळेच. शरीराला छेद दिला की द्रव बाहेर येतो आणि कोळी मरतो.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गिल मेंडा, रॉन हॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. त्यांनी इतके सूक्ष्म छिद्र पाडले, की ते तारेभोवती आपोआप बंद झाले. केसासारखी बारीक टंगस्टनची तार आत गेली आणि कोळी जिवंत राहिला. २०१४ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोळ्याला निरनिराळी चित्रे दाखवली, तेव्हा माशीसारखे भक्ष्य दिसताच काही पेशींनी जोरदार प्रतिसाद दिला. मग त्यांनी कधी मुख्य, तर कधी बाजूचे डोळे झाकून पाहिले. दोन्ही प्रकारचे डोळे उघडे असताना मिळणारा प्रतिसाद ही दोघांची नुसती बेरीज नव्हती. पहारेकरी आणि सचिव यांच्या माहितीची मेंदूत कुठेतरी गाठ पडत होती.

याच प्रयोगांत एकदा योगायोगाने वेगळाच शोध लागला. मेंडा यांची खुर्ची फरशीवर करकरली आणि कोळ्याच्या मेंदूतील पेशी 'बोलू' लागली. कान नसलेला हा प्राणी दूरवरचा आवाजही टिपतो, हे मग २०१६ मध्ये जाहीर झाले. पायांवरचे बारीक केस त्याला यात मदत करतात.

पहारेकरीही शहाणा निघाला

मुख्य डोळ्यांना कुठे पाहायचे, हे कोण सांगते? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या एलिझाबेथ जेकब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोळ्याच्या हलत्या दृष्टिपटलाचे चित्रण करणारे यंत्र वापरून २०१८ मध्ये याचे उत्तर दिले. पडद्यावर ठिपका फिरला, की मुख्य डोळे त्याचा माग काढत. पण शेजारचे दोन लहान डोळे झाकले, की मुख्य डोळ्यांना तो माग काढता येत नसे. दुर्बीण कितीही चांगली असो, ती कुठे रोखायची हे सांगणारा हवाच!

२०२१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात मासिमो दे आग्रो, पॉल शॅम्बल आणि सहकाऱ्यांनी याहून पुढची गोष्ट दाखवली. हलणाऱ्या प्राण्याच्या सांध्यांवर फक्त ठिपके दाखवले, तरी 'हा कोणीतरी जिवंत प्राणी चालला आहे' असे आपल्याला लगेच कळते. कोळ्यालाही ते कळते का? त्यांनी कोळ्याला वरून अलगद धरून एका हलक्या चेंडूवर उभे केले आणि बाजूच्या डोळ्यांना दिसतील असे ठिपके पडद्यावर फिरवले. काही ठिपके प्राण्याच्या चालीने हलत होते, तर काही कसेही.

कोळी प्राण्यासारख्या चालीकडे वळेल, असे कोणालाही वाटेल. झाले उलटेच. तो कसेही हलणाऱ्या ठिपक्यांकडे जास्त वळला! शास्त्रज्ञांच्या मते, प्राण्याची चाल तर बाजूच्या डोळ्यांनीच ओळखली होती. मान्यवर पाहुणा ओळखीचा निघाला तर सचिवांना कशाला उठवायचे? जे ओळखता आले नाही, त्याच्यासाठीच मुख्य डोळ्यांना बोलावणे गेले. म्हणजे हे डोळे केवळ 'काहीतरी हलले' एवढेच सांगत नाहीत. जिवंत आणि निर्जीव चालीतला फरकही त्यांना कळतो.

उशीर चालेल, चूक नको

लहान मेंदूला मोठे काम करायचे असेल, तर त्याला वेळ द्यावा लागतो. याचे उत्तम उदाहरण पुन्हा पोर्शियाच. इतर कोळ्यांची शिकार करणाऱ्या या कोळ्याचा अभ्यास न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाचे रॉबर्ट जॅक्सन यांनी अनेक वर्षे केला. १९९७ मध्ये त्यांनी आणि मायकेल टार्सिटानो यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पोर्शियाला उंचावरून भक्ष्य दिसत होते, पण सरळ उडी मारणे शक्य नव्हते. तिथे पोहोचायला वळसा घालायचा होता. एक वाट भक्ष्यापर्यंत नेणारी, दुसरी न नेणारी. खाली उतरून वाट धरायच्या आधीच कोळ्याने वरून दोन्ही वाटा न्याहाळल्या आणि बहुतेक वेळा बरोबर वाट निवडली. अरुंद फटीतून तुकड्या-तुकड्याने पाहिलेले दृश्य मेंदूत कुठेतरी जपून ठेवल्याशिवाय हे कसे शक्य आहे?

आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी 'इव्हार्का क्युलिसिव्होरा' नावाचा दुसरा एक कोळी आहे. त्याला रक्त प्यालेली डासाची मादी विशेष प्रिय, त्यातही मलेरिया पसरवणारी अॅनॉफेलिस. हा डास मागचा भाग वर उचलून बसतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. कोळ्यालाही ते शिकवावे लागत नाही. २०१२ मध्ये झिमेना नेल्सन आणि जॅक्सन यांनी नराचे आणि मादीचे अवयव एकत्र जोडून डासांचे पुतळे बनवले. कोळ्याने फुगलेल्या लाल पोटाबरोबरच मादीच्या मिशाही पारखून निवड केली. नर डासाच्या मिशा झुपकेदार असतात आणि मादीच्या विरळ, एवढा बारकावा त्या इवल्याशा डोळ्यांनी टिपला!

झोपेतही फिरणारी नजर

सर्वांत ताजे आश्चर्य रात्रीचे आहे. जर्मनीतील डॅनिएला रोस्लर यांनी उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या पिल्लांचे रात्रभर चित्रण केले. लहानपणी या पिल्लांचे शरीर पारदर्शक असते, त्यामुळे आतल्या डोळ्यांच्या नळ्या बाहेरून दिसतात. धाग्याला लटकून निवांत असलेल्या पिल्लांच्या नळ्या रात्रभर ठरावीक अंतराने अचानक हलू लागत. सोबत पाय आखडत आणि थरथरत. आपण स्वप्ने पाहतो, तेव्हा आपलीही बुबुळे अशीच बंद पापण्यांआड फिरतात. २०२२ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. कोळ्यांना स्वप्ने पडतात, असा दावा शास्त्रज्ञांनी केलेला नाही. पण दिवसा पाहिलेले रात्री मेंदूत उजळणीला येत असेल का, हा प्रश्न आता गंभीरपणे विचारला जात आहे.

घरच्या घरी पाहा

या कोळ्याची नजर पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. मुलांना सोबत घ्या आणि एवढे करा.

• भिंतीवरच्या कोळ्यापासून वीतभर अंतरावर बोट हळूच बाजूला सरकवा. तो अंग वळवून बोटाकडे तोंड करेल. हे झाले पहारेकरी डोळ्यांचे काम.

• आता बोट स्थिर ठेवा. तो काही क्षण थबकून टक लावून पाहील. आत नळ्या फिरत असतील, पण बाहेरून ते दिसणार नाही.

• समोर छोटा आरसा धरा. नर असेल तर प्रतिमेला प्रतिस्पर्धी समजून तो पुढचे पाय उगारण्याची शक्यता आहे.

फक्त त्याला चिमटीत पकडू नका. तो अंगावर धावून येत नाही आणि त्याचे विष माणसाला धोकादायक नसते, पण नाजूक शरीर दाबले गेले तर तो मरेल. घरात नकोच असेल, तर त्याच्यावर पेला उपडा ठेवा, खालून जाड कागद सरकवा आणि त्याला बाल्कनीतील कुंडीवर सोडून द्या.

साफसफाई करताना आपण जळमटांबरोबर यालाही झाडूने फटकारतो किंवा फवारा मारून मोकळे होतो. वास्तविक जळमटे त्याची नसतातच. उलट घरातल्या माश्या, डास आणि बारीक किडे तो फुकटात टिपतो. मेंदू लहान म्हणजे प्राणी यंत्रासारखा, न पाहता, न ठरवता वागणारा, असे आपण सहज गृहीत धरतो. या कोळ्याने ते गृहीत मोडीत काढले आहे. पुढच्या वेळी झाडू उगारताना तो वळून आपल्याकडे पाहू लागला, तर एवढे लक्षात असू द्या, की तो खरोखरच पाहत असतो. आपण कोण आहोत, हे ठरवायला त्याला थोडा वेळ हवा असतो. तेवढा वेळ आपण त्याला देऊ शकतो.